पत्ताबदल आणि लेखी शब्दाची जबाबदारी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा व्याख्यानमालेच्या एका चालकांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "हे ऐकायला माणसे येतील का हो?" त्यांची शंका रास्त होती. डोमेन नावे एकगठ्ठा दुसरीकडे वळवणारे एक साधन, आणि ते साधन चालवणाऱ्या एआय एजंटांसाठी लिहायची माहितीपुस्तिका, हा विषय वसंतातल्या संध्याकाळी ऐकण्याजोगा खचितच नव्हे. त्यातून आपल्या नागपूरकडचा वसंत म्हणजे अर्धा उन्हाळाच. दिवसभर भाजून निघालेल्या माणसाने संध्याकाळी तरी काही थंड ऐकावे, हे कोणालाही पटेल. पण १८७५ साली रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठाचा एक धर्म ठरून गेला आहे. ज्या गोष्टीने चार माणसांचे बरेवाईट होते, ती चार माणसांसमोर, चार माणसांच्या भाषेत सांगितली गेली पाहिजे. आमच्या एका वाक्यामुळे याच हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखानदाराचे दोन दिवसांचे टपाल अडले. ते वाक्य खोटे नव्हते, अशुद्धही नव्हते. तरी ते चुकले. ते कसे चुकले आणि त्यातून आम्ही काय शिकलो, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी डोमेन नाव म्हणजे काय ते पाहू. इंटरनेटवरची यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत. त्याला नाव लागते. प्रारंभी या साऱ्या नावांची एकच यादी होती. ती अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे, आणि ज्याला हवी त्याने ती उतरवून घ्यावी असा रिवाज होता. यंत्रे वाढली, यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली. एका ठिकाणी सारी नावे ठेवण्याऐवजी प्रत्येकाने आपल्या नावाखालचा कारभार आपण पाहावा, आणि वरच्याने विचारणाऱ्याला 'अमक्याकडे चौकशी करा' एवढेच सांगावे. जिल्ह्याने तालुक्याकडे बोट दाखवावे, तालुक्याने गावाकडे, आणि गावातल्या माणसाने घर दाखवावे, असा हा प्रकार आहे. हे घर दाखवणारे जे यंत्र, त्याला नेमसर्व्हर म्हणतात. हा शब्द तेवढा ध्यानात असू द्या. पुढे त्याच्याशी काम आहे.

आपल्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातल्या केळशीचे. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. हिंगण्याचा पिन ४४१११०. यातला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून पत्राची छाननी कोणत्या जिल्ह्यासाठी करायची ते सांगतात, आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय सांगतात. एका नावाची गावे देशात अनेक, आणि पत्ते लिहिले जातात अनेक लिप्यांत. ज्या छाननीदाराने हिंगण्याचे नावही ऐकलेले नाही, ज्याला मराठी वाचता येत नाही, त्याच्याही हातून पत्र हिंगण्यालाच यावे, ही त्या सहा आकड्यांची करामत. वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नाही असे धरून पत्ता लिहायचा, हे तत्त्व त्यात आहे. आजच्या आमच्या बोलण्याचे बीजही तेच.

आता फॉरवर्डिंग. माणूस घर बदलतो तेव्हा टपाल कार्यालयात लेखी सूचना देतो की, माझी पत्रे यापुढे अमक्या पत्त्यावर पाठवा. डोमेन नावाचेही तसेच. जुन्या नावाने कोणी विचारणा केली की तेथले यंत्र उत्तर देते, 'ते आता येथे नाहीत, तेथे आहेत'. या उत्तराला आकडे ठरलेले आहेत. ३०१ म्हणजे कायमचे गेले. ३०२ म्हणजे सध्यापुरते गेले. हा भेद क्षुल्लक नाही. ३०१ ऐकलेला ब्राउझर ते मनात धरून ठेवतो आणि पुढच्या खेपेस जुन्या दारी विचारायलाही जात नाही. म्हणजे चुकून ३०१ सांगितले, तर मागाहून दुरुस्ती केली तरी काही गिऱ्हाईक चुकीच्याच दारी जात राहते.

कोणी म्हणेल, एका धंद्याला नावे लागतात तरी किती? आपल्याच गावाचे पाहा. हिंगणा हे नाव रोमन लिपीत कोणी 'ग' आणि 'ण' यांच्यामध्ये एक 'ए' घालून लिहितो, कोणी तो गाळतो. दोन्ही लिहिणारे आपापल्या परीने बरोबर. मग सावध दुकानदार दोन्ही नावे घेऊन ठेवतो. २०१४ पासून देवनागरीत लिहिलेले 'डॉट भारत' हे नावही घेता येते. तेही तो घेतो. शहरांची आणि जिल्ह्यांची नावेही बदलतात. मुंबईचे रोमन नाव १९९५ मध्ये बदलले; २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले; २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. ज्या पेढीच्या नावात गावाचे नाव, तिला जुने नाव सोडता येत नाही आणि नवे घेतल्यावाचून राहवत नाही. असे करता करता एका बऱ्यापैकी कारखान्याकडे चाळीस-पन्नास नावे साठतात, आणि ती सारी एका मुख्य नावाकडे वळवायची असतात. हे काम एकेक करून करायचे तर माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस चुकतो. म्हणून एकगठ्ठा वळवणारी साधने निघाली. अशाच एका साधनाची पुस्तिका लिहिणाऱ्यांत आम्ही होतो.

पूर्वी अशी पुस्तिका वाचणारा माणूस असे. आता बहुधा नसतो. कारखानदार आपल्या एआय एजंटाला सांगतो, 'आमची सगळी जुनी नावे नव्या नावाकडे वळव', आणि तो एजंट पुस्तिका वाचून काम उरकतो. एजंट या शब्दाला आपल्याकडे जुना, चांगला शब्द आहे, मुखत्यार. मालकाच्या वतीने सही करण्याचा ज्याला अधिकार, तो मुखत्यार. हा यांत्रिक मुखत्यार न थकणारा आहे, शेकडो पाने क्षणात वाचणारा आहे, आणि बहुतेक वेळा आपल्याहून नेटका आहे. त्याच्या सोयीसाठी जगात नवे संकेतही पडू लागले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी सुचवले की, प्रत्येक संकेतस्थळाने अशा यंत्रांसाठी एक साधी, थोडक्यातली मजकूर-फाइल ठेवावी. त्याच वर्षी नोव्हेंबरात अँथ्रॉपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे दोनचार ओळींचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची हे यंत्रापुढे मांडले जाते, आणि कोणते साधन केव्हा वापरायचे हे यंत्र त्या ओळींवरून ठरवते. म्हणजे पाहा, पुस्तिकेतल्या दोन ओळींना आता हातपाय फुटले. पूर्वी आमचे वाक्य माणसाच्या डोक्यात शिरे, तेथे ते त्याच्या अनुभवाशी ताडले जाई, आणि मग त्याचा हात हलत असे. आता वाक्य वाचले की हात हलतो.

आता आमची चूक. आमच्या साधनाला नावे वळवायची तर त्या नावांचे नेमसर्व्हर आमच्याकडे आणावे लागत. पण नेमसर्व्हरपाशी केवळ संकेतस्थळाचा पत्ता नसतो. त्या नावाने येणारे ईमेल कोठे टाकायचे, त्याचीही नोंद तेथेच असते. घर दाखवणारा बदलला आणि नव्याला टपालपेटी कोठे आहे हे कोणी सांगितले नाही, तर पाहुणे घरी पोहोचतात, पत्रे पोहोचत नाहीत. या धंद्यातल्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक असते. म्हणून आम्ही पुस्तिकेच्या तळाशी, टीपेच्या जागी, एक वाक्य लिहिले होते: 'नेमसर्व्हर बदलण्यापूर्वी टपालाच्या नोंदी तपासून घ्याव्यात.'

त्या कारखानदाराच्या मुखत्याराने नोंदी तपासल्या. चाळीसेक नावांपैकी दोन नावांना टपालाच्या नोंदी आहेत, असे त्याने आपल्या अहवालात स्वच्छ लिहिले. आणि मग त्याने नेमसर्व्हर बदलले.

श्रोतेहो, त्याने काय चुकीचे केले? 'तपासून घ्याव्यात' असे आम्ही म्हटले. त्याने तपासून घेतल्या. आपल्या बोलण्यात 'गाडीचे ब्रेक तपासून घे' याचा अर्थ 'ब्रेक नादुरुस्त असले तर निघू नकोस' असा होतो. तो अर्थ शब्दांत नाही, तो ऐकणाऱ्याच्या शहाणपणात आहे. आम्ही अर्धे वाक्य लिहिले आणि उरलेले अर्धे वाचणाऱ्याने आपल्या पदरचे घालावे, असे धरून चाललो.

दोन दिवसांनी ते गृहस्थ आमच्याकडे आले. रागाने नव्हे, थकून आले होते. म्हणाले, "मी तं फक्त पाटी बदलाले सांगतली होती, भाऊ; टपालपेटी कायले उपटून नेली?" एका मोठ्या खरेदीदाराची चौकशी ईमेलने यायची होती. ती आली नाही, आणि दर कळवण्याची मुदत टळून गेली. आम्ही नोंदी पूर्ववत केल्या. अडलेली काही पत्रे उशिरा आली, काही पाठवणाऱ्याकडे परत गेली होती. मुदत मात्र परत आली नाही. त्यांच्याकडे कामाला असलेल्या माणसांना त्या महिन्यात जादा काम मिळायचे होते, ते मिळाले नाही. इंटरनेटवरची चूक हवेत राहत नाही. ती कोठेतरी जमिनीवर, कोणाच्या तरी हजेरीपत्रकात उतरते.

त्या रात्री आम्ही पुस्तिका पुन्हा लिहायला घेतली. काय बदलले, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट ते वाक्यच. आता ते असे आहे: 'टपालाची नोंद असल्यास ती प्रथम नव्या नेमसर्व्हरवर जशीच्या तशी उतरवा. उतरवता आली नाही तर त्या नावाला हात लावू नका, आणि मालकाला कळवा.' हे वाक्य टीपेतून उचलून पहिल्या परिच्छेदात आणले. कारण सारे पान न वाचता कामापुरता भाग उचलण्याची सवय यंत्रांनाही असते. मागाहून असेही सुचले की, जे इतके महत्त्वाचे आहे ते नुसते सांगून का थांबावे? आता साधनच तशा नावाला नकार देते, आणि नकाराबरोबर पुढे काय करायचे तेही सांगते. कठडा बांधता येत असेल तेथे 'जपून चाला' अशी पाटी लावून स्वस्थ बसू नये.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेतली आहे. मराठीतले 'करावे' हे रूप मोठे सभ्य आहे, आणि म्हणूनच घातक आहे. 'सकाळी लवकर उठावे' हा उपदेश. 'अर्ज मुदतीत करावा' ही आज्ञा. 'कधी तरी आमच्याकडे यावे' ही नुसती इच्छा. रूप एक, वजने तीन. इंग्रजीतही हा घोळ होताच. म्हणून १९९७ साली इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी एक छोटे टिपण काढून ठरवले की, 'मस्ट' म्हणजे केलेच पाहिजे, 'शुड' म्हणजे सबळ कारण नसेल तर करावे, आणि 'मे' म्हणजे वाटल्यास करावे. आम्ही आमच्या पुस्तिकेत तसाच नेम केला: 'केलेच पाहिजे', 'शक्यतो करा', 'वाटल्यास करा', आणि 'करू नका'. या चारांपलीकडे क्रियापदाचे लाड नाहीत.

तिसरी गोष्ट उदाहरणांची. पुस्तिकेत नमुना द्यायचा तर कोणते तरी नाव घालावे लागते. माणूस समजतो की, येथे आपले नाव घालायचे. यंत्र कधी कधी नमुनाच चालवून बसते. ते नाव खऱ्या कोणाचे असले तर भलत्याच्या दारी धोंड. यासाठी १९९९ सालीच 'एक्झाम्पल डॉट कॉम' यासारखी काही नावे केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवली गेली आहेत. आम्ही तीच वापरतो.

चौथी गोष्ट तालमीची. नाटक रंगभूमीवर येण्याआधी तालीम होते. आमचे साधनही आता आधी तालीम करते: काय काय बदलेल त्याची यादी दाखवते, बदलत काहीच नाही. मालकाने ती पाहून होकार दिला की खरा प्रयोग. त्यातही आधी ३०२, सध्यापुरते. सारे सुरळीत आहे असे दिसल्यावर मालकाच्या शब्दाने ३०१. पन्नास नावांत तीन अडली तर 'काम झाले' असे गुळमुळीत उत्तर द्यायचे नाही. सत्तेचाळीस झाली, तीन राहिली, ती ही, आणि कारणे ही, असे सांगायचे. तोच हुकूम चुकून दोनदा आला तर परिणाम एकदाच व्हावा. आणि पहिले नाव दुसऱ्याकडे, दुसरे पुन्हा पहिल्याकडे, असा फेरा कोणी मागितला तर साफ नाही म्हणावे. नाही तर हिंगण्याच्या माणसाने वाडीला पाठवावे, वाडीच्याने हिंगण्याला, आणि पाहुण्याने जन्मभर रस्त्यावर राहावे, असे व्हायचे.

पाचवी गोष्ट सर्वांत नाजूक. मुखत्यार अनेक ठिकाणचा मजकूर वाचत असतो. नावांच्या नोंदींत मोकळा मजकूर लिहिण्याचीही सोय असते. तेथे एखाद्या लबाडाने लिहून ठेवले की, 'ही सारी नावे माझ्याकडे वळव', तर? म्हणून पुस्तिकेत आम्ही ठळकपणे लिहिले: हुकूम मालकाचाच, वाटेत वाचलेला मजकूर ही माहिती आहे, आज्ञा नव्हे. पत्र पोहोचवणाऱ्याने पत्रातला हुकूम पाळायचा नसतो, हे शहाणपण टपाल खात्याइतकेच जुने आहे.

आता दोन आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, ही यंत्रे दिवसेंदिवस शहाणी होत आहेत. उद्या ती न लिहिलेलेही समजून घेतील, मग इतका खटाटोप कशाला? समजून घेतील, हे आम्हांलाही मान्य आहे. आजही पुष्कळ घेतात. पण न लिहिलेले समजून घेणे म्हणजे अंदाज करणे. आपल्या कारखान्याचे टपाल कोणाच्या उत्तम अंदाजावर सोडावे, असे यांतल्या किती जणांना वाटेल? मुखत्यार कितीही हुशार असला तरी मुखत्यारपत्रात अधिकार स्पष्ट लिहिण्याची चाल आपण सोडली नाही. हुशार मुखत्याराच्या बाबतीत तर ती अधिकच पाळली.

दुसरा आक्षेप अधिक मनाला लागणारा आहे. कोणी म्हणतात, तुम्ही आता यंत्रांसाठीच लिहू लागलात. मग माणसांसाठी कोण लिहिणार? आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. पण अनुभव उलटा आला. नवी पुस्तिका निघाल्यावर, इंग्रजी बेताचीच असलेला, नुकताच कामाला लागलेला एक मुलगा आम्हांला म्हणाला, "सर, हे पहिल्यांदा मला कुणाला न विचारता समजलं." हे ऐकून आम्ही ओशाळलो. कारण यापूर्वी ते त्याला समजले नव्हते, आणि तो दोष आम्ही त्याच्या माथी मारत आलो होतो. आमची जुनी पुस्तिका ज्यांना अगोदरच सारे ठाऊक होते त्यांनाच कळत होती. नवख्यांना, आडगावच्यांना, ज्यांच्या ओळखीत कोणी जाणता नाही अशांना ती बाहेरच उभे करत होती. ते गप्प राहिले, चुकले तर स्वतःलाच दोष देत राहिले. यंत्र चुकले तेव्हा मात्र नुकसान एका घावात चाळीस नावांचे झाले, म्हणून आमचे डोळे उघडले.

आपल्याकडे लेखी शब्दाची ही काळजी पूर्वी नव्हती असे नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाडपंताच्या नावावर 'मेस्तक' सांगितले जाते. दफ्तरातले लेखन कसे असावे याचे नियम घालून देणारे. एका कारकुनाने लिहिलेले दुसऱ्या कारकुनाला, दूरच्या ठाण्यावर, लिहिणाऱ्याच्या माघारी कळावे, हीच अशा नियमांमागची कळकळ. लिहिणारा जवळ नसताना लिहिलेले उभे राहिले पाहिजे. आमच्या धंद्यात मध्यंतरी ही कळकळ सुटली. कारण अडले तर फोन करून विचारता येत होते. यांत्रिक मुखत्यार रात्री दोन वाजता काम करतो आणि विचारायला थांबत नाही. त्याने आम्हांला पुन्हा दफ्तरात बसवले.

ते कारखानदार आजही आमच्याकडे येतात. त्यांची नावे सारी वळली आहेत, टपाल येते आहे. नवी पुस्तिका छापण्यापूर्वी आम्ही ती त्यांना वाचायला दिली होती. त्यांनी ती वाचली, आणि टपालाच्या वाक्यावर बोट ठेवून विचारले, "हे वाक्य आधी का नव्हतं, भाऊ?" आम्ही म्हणालो, "हे सगळ्यांना ठाऊक असतं, असं वाटलं होतं." त्यावर ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून लिहिताना 'हे तर सगळ्यांना ठाऊक असते' असे मनात आले की आमचा हात थांबतो, आणि नेमके तेच वाक्य आम्ही आधी लिहितो.